जिन्याखालच्या पाहुण्या

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र माझ्या खणात किती महिने पडून आहे हे मला नेमकं ठाऊक आहे, म्हणूनच ते इथे लिहीत नाही. माफ कर. रोज डायरीत शेवटी 'उद्या: ताईला उत्तर' असं लिहायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली तेच पुन्हा.

कारण एकच, वार्षिक अहवाल. राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांत किती जण भरती झाले, किती बरे होऊन घरी गेले, किती गेलेच, याची मांडणी करायची. तुझ्या भाषेत, दुसऱ्यांच्या दुखण्यांची बेरीज. या वेळी मात्र बेरीज करताना बरं वाटलं. सलग तिसऱ्या वर्षी भरती कमी झाली आहे, आणि सगळ्यात मोठी घट तुझ्या रुग्णालयात आहे. रुग्णालयातले मृत्यूही कमी झालेत. 'रुग्णभरतीचा घटता कल समाधानकारक आहे' असं मी लिहिलं. 'समाधानकारक' लिहिताना थबकलो होतो. आकड्याला विशेषण लावू नये असं मी ऑफिसातल्या नव्या लोकांना सांगत असतो. पण साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत एखादी तरी चांगली बातमी द्या की. मलाही ती द्यावीशी वाटली. दवाखान्यात माणसं कमी, म्हणजे घरोघरी धडधाकट माणसं जास्त, असा सरळ हिशोब.

आता समितीची बैठक होईपर्यंत उसंत आहे. बैठकीत तक्ते नेहमीप्रमाणे मीच मोठ्याने वाचणार. अध्यक्षांना बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावायचा नाही.

तुलाही आता जरा दम खायला मिळत असेल. मान कशी आहे? फोनवर तू 'बरं चाललंय' म्हणून मोकळी होतेस, म्हणून पत्रातच विचारतो.

तुझा,
तळटीप

ता. क. टाइपिस्टबाईंनी 'घटता कल'च्या जागी 'घटता कळ' टाइप केलं होतं. वेळेवर सापडलं.


२० फेब्रुवारी

चि. तळटीप यास,
अनेक आशीर्वाद.

माफी मागण्यात अर्धं पान घालवण्याची तुझी सवय काही जात नाही. लहानपणीही गोष्ट संपली की तू 'पण खरं म्हणजे' करून आणखी एक शेपूट लावायचास. मामी उगीच नाही तुला तळटीप म्हणायची.

दम खायला कुठला मिळतोय? पाहुण्यांची नुसती रीघ लागलीय. अंथरुणं संपली, चादरी संपल्या, परवा दोघींना जिन्याखाली झोपवलं. जा म्हणावं तर जातील कुठे? आणि जिन्याखाली डोकं वर केलं की खाडकन लागतं, म्हणून मी तिथे जुनी उशी बांधून ठेवलीय.

त्यातली एक शिवणकाम करणारी आहे. माझ्या बाहीचं लोंबणारं बटण तिला बघवेना. पडल्या पडल्या लावून दिलं, वर मलाच बोलली की इतक्या मोठ्या बाईला बटण लावता येऊ नये का. तक्रार म्हणून नाही तिची. रोज सकाळी एवढंच विचारते, 'आज लागेल का हो माझा नंबर?' मी म्हणते, लागेल हं.

मान जिथल्या तिथे आहे. तुझे भावोजी मजेत. त्यांनी पेपर उघडला की जग बंद. तुझा अहवाल चांगला झाला, आनंद आहे. निवांत झाले की नीट लिहीन.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

या वेळी उत्तराला उशीर केलेला नाही. तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला.

मला भावोजींच्या माणसांचं नवल वाटत नाही. त्यांच्या त्या काकू एकदा डोळे तपासायला म्हणून आल्या आणि चष्म्याचा नंबर बदलेपर्यंत राहिल्या, हे मी विसरलेलो नाही. पण यालाही काही मर्यादा? दोन खोल्यांचं घर तुमचं. त्यात जिना नाही, म्हणजे तू लोकांना बिल्डिंगच्या जिन्याखाली झोपवते आहेस. शेजारी काय म्हणत असतील? सकाळी न्हाणीघराला नंबर लावावे लागतात, आणि तू त्यांना 'लागेल हं' म्हणून समजावतेस. दिवसभर आजाऱ्यांचं करायचं आणि घरी येऊन धडधाकटांचं. बटण लावून दिलं म्हणून विरघळू नकोस. ज्याला दुसऱ्याच्या घरी राहायचं असतं तो बटणच लावून देतो.

मी उगाच मधे पडतोय का, असा विचार दोन दिवस केला. मग वाटलं, आपली बहीण मान मोडून राबते आहे आणि आपण शिष्टाचार सांभाळतोय. म्हणून भावोजींना वेगळं पत्र टाकलं आहे. थोडं कडक झालं असेल. 'आपल्या गोतावळ्याला आवर घालावा' असं एक वाक्य आहे त्यात. राग आला तर माझ्यावर येऊ दे.

तुझा,
तळटीप


९ मार्च

चि. तळटीप यास,
आशीर्वाद.

तुझे भावोजी तुझं पत्र हातात धरून दिवसभर घरात फिरत होते. 'मी कुणाला बोलावलंय? कोण आहे जिन्याखाली?' खाली जाऊन बघूनही आले. त्यांना म्हटलं, बसा, तुमचा मेहुणा हुशार आहे, पण त्याला मराठी येत नाही.

तुझं पत्र मी ड्यूटीरूममध्ये वाचून दाखवलं. न्हाणीघराच्या नंबरापाशी आल्यावर आमच्यातली सगळ्यात लहान सिस्टर हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. मग एकेक करत सगळ्या उठून वॉर्डात गेल्या. कुणालाच पुढे वाच म्हणवेना.

अरे शहाण्या, पाहुणे म्हणजे पेशंट.

आमच्याकडे खाट मिळाल्याशिवाय माणूस दाखल होत नाही. पूर्वी खाट नसली की रजिस्टरात 'जमिनीवर' असं लिहून आम्ही नोंद करायचो. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला. तो खाटेचा नंबर मागतो, आणि दिला नाही तर पुढे सरकतच नाही. मग ज्याला खाट नाही तो बाहेरच्या तपासणीचा केसपेपर उशाशी घेऊन पडून राहतो. त्याला सलाईन लागतं, इंजेक्शनं होतात, डॉक्टर येऊन बघून जातात. फक्त तो आलेला नसतो. म्हणून आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. ड्यूटी बदलताना विचारतो, पाहुणे किती? इतकी जीभ वळलीय त्या शब्दाला, की तुला लिहिताना सांगायचं सुचलंच नाही. माझी चूक तेवढी.

आणि खाटा का नाहीत? दुरुस्तीला म्हणून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. दर वर्षी थोड्या जातात. त्या गेल्या की भरती कमी होते, आणि भरती कमी झाली की तू लिहितोस समाधानकारक.

आता ऐक. परवा तुझ्या ऑफिसचं पत्र आलंय. 'भरतीचा घटता कल लक्षात घेता' आमचा बायकांचा वॉर्ड बंद करायचा प्रस्ताव आहे, समितीच्या बैठकीत मंजूर होईल, तरी सामान बांधायला घ्यावं. म्हणजे उरल्यासुरल्या खाटाही गेल्या. या भागातल्या बायकांना दुसरा दवाखाना एक अख्खा दिवस लांब आहे. तो 'घटता कल' वाचल्यावर मला वाटलं, हा आपण कुठे बरं वाचला? तुझ्याच पत्रात. तुझ्या टाइपिस्टबाईला बरोबर ऐकू आलं होतं रे. इथे कळच आहे. आणि आम्ही प्रत्येकीला सांगतोय, बाई, जरा कळ काढ.

शिवणकामवाली मधे बरी होऊन घरी गेली होती, परत आलीय. 'माझी जागा रिकामी आहे ना?' असं विचारत आली. नंबर तिला खाटेचा हवाय, न्हाणीघराचा नाही.

मी तुझ्यावर रागावलेय की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या पत्रानंतर मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो, म्हणजे तुला ठरवायला सोपं जाईल. मी तुझ्यावर शंका घेतली. एका रुग्णालयातल्या एका वॉर्डवरून राज्याचा कल खोटा ठरत नाही, असं मी स्वतःला समजावलं. डायरीतही तसं लिहिलं. सकाळी वाचल्यावर मलाच ते साहेबांचं वाक्य वाटलं.

मग मी सगळ्या सरकारी रुग्णालयांना एक चौकशी पाठवली. तुमच्याकडे असे किती रुग्ण आहेत, असं विचारलं असतं तर 'निरंक' असं उत्तर छापून आलं असतं. म्हणून आकडा विचारलाच नाही. एकच ओळ लिहिली: 'खाट न मिळालेल्या रुग्णांना आपल्याकडे बोलीभाषेत काय म्हणतात?'

ताई, उत्तरं धडाधड आली. एकीकडे त्यांना 'बाकावरचे' म्हणतात, एकीकडे 'उभे'. डोंगरातल्या एका रुग्णालयात 'लटकलेले' म्हणतात. एका ठिकाणी 'वऱ्हाड' म्हणतात, कारण सगळे सतरंजीवर बसलेले असतात. एका डॉक्टरांनी लिहिलंय, 'आम्ही त्यांना काही म्हणत नाही, त्यांच्या डोळ्याला डोळा देत नाही.' पण मी सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून वाचली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. असे रुग्ण म्हणजे कोणते, असं एकानेही उलट विचारलं नाही. सगळ्या राज्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मोजणाऱ्याला.

ती सगळी उत्तरं घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे वाचली. 'वऱ्हाड' वाचून हसलेसुद्धा. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "शब्दांची बेरीज होते का हो?" मी म्हणालो, आपण यांना मोजत नाही, म्हणून कल घटतोय, आणि कल घटतोय म्हणून खाटा काढतोय. ते म्हणाले, व्याख्या आपल्याला वरून आलेली आहे: दाखल म्हणजे खाट मिळालेला. व्याख्या बदलली तर तीन वर्षांचे अहवाल खोटे पडतात, आणि त्या तिन्हींवर तुमचीच सही आहे. हे धमकीच्या सुरात नव्हतं. काळजीने सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मला राग नेमका कशाचा आलाय ते तपासत बसलोय. साहेबांचा आलाय हे उघड आहे. पण व्याख्या वाचून 'स्पष्ट आणि सुटसुटीत' असा शेरा मारणारा माणूस मीच होतो.

बैठक १६ एप्रिलला आहे. शिवणकामवालीला सांग, प्रयत्न चाललाय. नको, काही सांगू नकोस. आधी काही तरी होऊ दे.

तुझा,
तळटीप


४ एप्रिल

चि. तळटीप यास,

सांगायला ती राहिली नाही. परवा गेली. जिन्याखालीच गेली.

शेवटपर्यंत डॉक्टर तिच्याजवळ होते, म्हणजे हाल झाले नाहीत असं मी तिच्या मुलीला सांगितलं. मग मुलगी दाखला मागायला खिडकीवर गेली. खिडकीवरच्या क्लार्कने कॉम्प्युटर बघितला आणि तो माझ्याकडे आला. जी दाखल नाही ती इथे वारली असं लिहिता येत नाही. मग काय लिहिता येतं? तर म्हणे, 'आणले तेव्हा मृत'.

मी म्हटलं, अरे, तिने कालच सकाळी मला विचारलं होतं, नंबर लागेल का म्हणून. तो म्हणाला, सिस्टर, मला कळतंय, पण यात दुसरी ओळच नाही.

मुलीने तो दाखला वाचला. रडली नाही. म्हणाली, "आईला आणलं तेव्हा ती माझ्याशी भांडत होती. रिक्षाला इतके पैसे कशाला दिलेस म्हणून."

तिला काय सांगायचं? ते तू सांग. कारण ती आता तुझ्याकडे आलीय. रुग्णालयातले मृत्यू कमी झालेत असं तू लिहिलं होतंस ना, ती त्या कमीत गेली.

त्या दिवशी मी घरी गेले नाही. गेटला रंग द्यायला आणलेला काळा रंग होता. ब्रश घेतला आणि जिन्याखालच्या भिंतीवर लिहिलं, जिना १, जिना २. बाकांवर बाक १, बाक २, असं बाकं संपेपर्यंत. एक्सरेच्या दाराबाहेर दोन जागा आहेत, त्यांना दार १, दार २. दुसऱ्या दिवशी पहिली पाहुणी आली, तेव्हा क्लार्कला म्हटलं, खाटेच्या रकान्यात 'जिना १' घाल. तो म्हणाला, घेणार नाही. म्हटलं, घालून तर बघ. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतलं. त्याला नंबर हवा होता. खाटेला पाय आहेत का, हे त्याने विचारलंच नाही.

ती बाई दाखल झाली. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण आम्ही सगळ्या तिच्याभोवती उभ्या होतो.

मोठे डॉक्टर भिंत बघून गेले. 'अक्षर चांगलं आहे' एवढंच म्हणाले. आता जे व्हायचं ते होऊ दे. बाहीचं बटण अजून घट्ट आहे.

ताई


१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

दाखला मी बदलू शकत नाही. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

तुमच्या रुग्णालयाची आठवड्याची भरती एकदम उसळली. मी वाट बघतच होतो. तुझी युक्ती क्लार्कने क्लार्कला सांगितली असणार, कारण दोन दिवसांनी आणखी एका रुग्णालयातून 'व्हरांडा ४' आला आणि डोंगराकडून 'पायरी'. नुसतीच 'पायरी', नंबर नाही. बहुधा एकच असेल.

साहेबांनी बोलावलं. बैठकीच्या तक्त्यातल्या या ओळी चुकीच्या आहेत, काढून टाका, म्हणाले. जिना म्हणजे खाट नव्हे. मी टेबलावर परत येऊन बसलो. ओळी काढायला एक बटण दाबायचं होतं, आणि बटण म्हटल्यावर मला ते दाबवेना.

पण तुला माहीत आहे मी कसा आहे. मी विचार करत बसलो. जिना म्हणजे खाट नव्हे, हे साहेबांचं म्हणणं तर खरं आहे. ज्या जागेला खाट म्हणता येत नाही तिला मी खाट म्हणून छापलं तर मीही खोटाच. एका खोट्यावर दुसऱ्या खोट्याचं ठिगळ. उद्या कुणी म्हणेल, बघा, यांच्याकडे इतक्या खाटा आहेत, आणखी कशाला हव्यात?  मग वाटलं, खोटं तुझ्या भिंतीवर नाही. तिथे जिन्याला जिनाच म्हटलंय. सगळ्या अहवालात तेवढाच एक प्रामाणिक शब्द आहे. तो फक्त समजावून सांगायला हवा.

म्हणून ओळी ठेवल्या आणि तक्त्याखाली तळटीप घातली. हसू नकोस. मामीला कळलं असतं तर तिला आनंद झाला असता. अशी आहे:

'जिना म्हणजे जिन्याखालची जागा. बाक, दार, व्हरांडा, पायरी याही जागाच आहेत, खाटा नाहीत. तिथे आजारी माणसं होती आणि आहेत. मागच्या तीन वर्षांत अशा माणसांना मोजलेलं नाही, म्हणून भरती घटली असं म्हणता येत नाही. मृत्यू घटले असंही म्हणता येत नाही. जिन्याखाली वारलेली एक बाई शिवणकाम करत असे.'

शेवटचं वाक्य अहवालात बसत नाही. तीनदा काढलं आणि तीनदा घातलं.

आज सकाळी साहेबांनी लाल पेनाने सगळी तळटीप खोडली. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचं पेन जरा थांबलं, ते मी बघितलं. मग तेही खोडलं. म्हणाले, "अहो, तळटीप कोण वाचतं?" तरीही ती माझ्या प्रतीत राहिली तर मला जुन्या कागदांच्या गोदामात पाठवावं लागेल, असंही म्हणाले. हेही काळजीनेच. घरी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, गोदामाला निदान खिडक्या आहेत, तुमच्या ऑफिसला त्याही नाहीत. मग बराच वेळ भांडी घासत राहिली, घासून झालेलीसुद्धा. तीही घाबरली आहे. मीही.

याने वॉर्ड वाचेल का, मला माहीत नाही. मी तुला वचन देत नाही. समितीत सात जण आहेत आणि सातांनाही लवकर घरी जायचं असतं. पण खोडलेलं अक्षर लाल शाईखाली अजून वाचता येतं, आणि अध्यक्ष अजूनही चष्मा लावत नाहीत.

हे पत्र रात्रीच्या डायरीऐवजी लिहितो आहे, तेव्हा शेवटही तसाच करतो.

तुझा,
तळटीप

उद्या: तळटीप मोठ्याने वाचणे.